शवपेटीतली गणिते

विद्यार्थ्याची गुणवत्ता परीक्षा तपासते. परीक्षेची गुणवत्ता कोण तपासतो? 'गुणवत्ता' हा शब्द ज्यांच्या तोंडावर वारंवार फेकण्यात आला, त्यांनी तरी हा प्रश्न सोडून देता कामा नये. शिक्षणशास्त्राच्या वर्गात त्याचे उत्तर तयार असते. १९५६ साली अमेरिकेत बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी बौद्धिक उद्दिष्टांची सहा पायऱ्यांची उतरंड मांडली : ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन. खालच्या पायरीवर पाठांतर, वरच्या पायऱ्यांवर खरा विचार. प्रश्नपत्रिका हातात घ्यायची, वरच्या पायऱ्यांचे प्रश्न किती ते मोजायचे आणि पत्रिका चांगली की सुमार ते ठरवायचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही परीक्षेने घोकंपट्टीऐवजी विश्लेषण व चिकित्सक विचार अशी उच्च पातळीची कौशल्ये तपासावीत असे म्हटले आहे.

हा तक्ता मुळात वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. घोकंपट्टीच्या परीक्षेने आपल्या मुलांचे केलेले नुकसान कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही. गणितात तर रीत पाठ करायची आणि आकडे बदलून तीच रीत पुन्हा लिहायची, एवढ्यावर पिढ्यान् पिढ्या पास झाल्या. पण प्रश्नाची पायरी ठरली म्हणजे परीक्षेची गुणवत्ता ठरली, ही समजूत खोटी आहे. ती किती खोटी आहे हे पाहायचे तर १९७० ते १९९० या काळातल्या मॉस्कोकडे जावे लागते. उच्च प्रतीच्या विचाराची गणिते माणसांना दाराबाहेर ठेवण्यासाठी इतक्या पद्धतशीरपणे वापरल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

मॉस्को राज्य विद्यापीठाची यांत्रिकी व गणित विद्याशाखा 'मेखमात' या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकातील जगातल्या अत्यंत समर्थ गणितशाळांपैकी ही एक. आंद्रेई कोल्मोगोरोव यांच्यासारखा गणितज्ञ तिचा अधिष्ठाता होऊन गेला. शाळकरी मुलांसाठी गणिताची मंडळे, ऑलिंपियाड स्पर्धा, गणिताच्या खास शाळा हे सारे सोव्हिएत रशियात जेवढे फोफावले तेवढे फार थोड्या देशांत फोफावले असेल. आणि याच देशात, याच विद्याशाखेच्या दारात, ज्यू मुलांना वेचून नापास करण्याची व्यवस्था उभी राहिली.

ज्यूद्वेष रशियाला नवा नव्हता. १८८७ साली झारच्या सरकारने शाळा-विद्यापीठांत ज्यूंच्या प्रवेशावर उघड मर्यादा घातली होती : ज्यूंना राहण्यासाठी नेमून दिलेल्या प्रदेशात शेकडा दहा, त्याबाहेर शेकडा पाच, मॉस्को व पीटर्सबर्ग या दोन राजधान्यांत शेकडा तीन. क्रांतीने हे कायदे मोडून काढले. सोव्हिएत राज्यघटनेने सर्व वंशांच्या व राष्ट्रीयत्वांच्या नागरिकांना समान हक्क दिले. मात्र प्रत्येकाच्या अंतर्गत पासपोर्टात पाचवी ओळ राहिली, आणि त्या ओळीत 'ज्यू' हे राष्ट्रीयत्व नोंदलेले राहिले. झारने जे कायद्यात लिहिले होते ते आता कुठेच लिहिलेले नव्हते. १९६८ साली ९९ गणितज्ञांनी आपल्या एका सहकाऱ्याला, अलेक्सान्द्र येसेनिन-वोल्पिन यांना, मनोरुग्णालयात डांबल्याबद्दल निषेधाचे पत्र काढले. त्यानंतर मेखमातची सूत्रे अधिकाधिक सनातनी मंडळींच्या हाती गेली आणि दाराची फट बुजत गेली. वर्गलढ्याने बाकीच्या सगळ्या विषमता आपोआप विरघळतील असे आपल्याकडेही ज्यांना वाटत आले, त्यांनी या पाचव्या ओळीकडे जरा वेळ पाहावे.

प्रवेशासाठी गणिताची लेखी परीक्षा, गणिताची तोंडी परीक्षा, भौतिकशास्त्र आणि रशियन निबंध असा क्रम होता. खरा खेळ तोंडी परीक्षेत होई. उमेदवाराचे नाव, आडनाव, वडिलांचे नाव, पासपोर्टातली पाचवी ओळ हे सर्व समितीपुढे असे. ज्यांच्याविषयी संशय, त्यांना वेगळ्या खोलीत नेत. तेथे चिठ्ठीतले नेहमीचे प्रश्न झाले की 'जादा' प्रश्न सुरू होत. एक सुटले की दुसरे, दुसरे सुटले की तिसरे. कुठेतरी मूल अडेपर्यंत. या जादा गणितांना विद्यार्थ्यांनी नाव दिले होते 'शवपेट्या'.

शवपेटी म्हणजे नुसते अवघड गणित नव्हे. त्याची घडण खास होती. ते शालेय अभ्यासक्रमाच्या भाषेत मांडता यायला हवे, त्याचे उत्तर दोन-चार ओळींत मावायला हवे, पण ती युक्ती सापडायला मात्र अतिशय कठीण हवी. कारण उघड आहे. पालकांनी तक्रार केली तर परीक्षक उत्तर पुढे ठेवून म्हणू शकतो : बघा, इतके साधे आहे, तुमच्या मुलाला एवढेही आले नाही!

एक नमुना पाहू. २ चा कितवा घात केला म्हणजे ३ येतात, आणि ३ चा कितवा घात केला म्हणजे ५ येतात? या दोन घातांकांपैकी मोठा कोणता? म्हणजेच, २ च्या पायावर ३ चा लॉगॅरिथम मोठा, की ३ च्या पायावर ५ चा? कोष्टक वापरायचे नाही. दोन्ही किमती एकमेकींच्या जवळ आहेत, त्यामुळे अंदाज कामाचा नाही. उत्तर असे : मध्ये दीड हा आकडा ठेवा. २ चा घन ८, ३ चा वर्ग ९. आठापेक्षा नऊ मोठे, म्हणून पहिला घातांक दीडपेक्षा जास्त. ३ चा घन २७, ५ चा वर्ग २५. सत्तावीसपेक्षा पंचवीस लहान, म्हणून दुसरा घातांक दीडपेक्षा कमी. झाले. सातवीच्या मुलालाही पटेल इतके सोपे. पण 'मध्ये दीड ठेवा' हे सुचायचे कसे?

दुसरा नमुना याहून सुंदर आहे. एक फलन असे आहे की कोणत्याही दोन संख्या घेतल्या तर फलनाच्या किमतींतला फरक त्या दोन संख्यांतल्या अंतराच्या वर्गाहून जास्त होत नाही. अशी सर्व फलने शोधा. ० पासून १ पर्यंत एका उडीत गेलात तर किमतीत फार तर १ चा फरक पडेल. तेच अंतर दहा पावलांत गेलात तर दर पावलाला फार तर १/१००, म्हणजे एकूण १/१०. शंभर पावलांत गेलात तर एकूण १/१००. पावले वाढवत जा, फरक हवा तेवढा लहान होतो. तेव्हा किंमत मुळी बदलतच नाही. फलन स्थिर आहे. ज्याला गणिताची गोडी आहे त्याला हे उत्तर पाहून आनंद झाल्यावाचून राहणार नाही.

आता ब्लूमचा तक्ता काढा आणि या दोन गणितांना पायरी द्या. पाठांतराचा लवलेश नाही. सूत्रात आकडे घालून भागत नाही. नवी परिस्थिती, स्वतः शोधलेली युक्ती, कडक तर्क. आजच्या कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात ही गणिते उच्च विचारकौशल्याचे आदर्श म्हणून फळ्यावर लिहिली जातील, आणि त्यात चूकही होणार नाही. इलान वार्दी या गणितज्ञाने पुढे २००० साली मेखमातची ही गणिते स्वतः सोडवून पाहिली, तेव्हा त्याने प्रत्येक गणिताला काठिण्याचा एक अंक आणि दर्जाचा दुसरा अंक दिला. काठिण्य आणि दर्जा वेगळे काढले पाहिजेत हे त्याने ओळखले. पण हा दर्जाही गणिताचा झाला. परीक्षेचा दर्जा या दोन्ही अंकांत मावत नाही.

तो कशात मावतो? तान्या खोवानोव्हा यांनी नोंदवलेला अनुभव येथे उपयोगी पडतो. १९७५ च्या उन्हाळ्यात आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी निवडलेली सोव्हिएत मुले शिबिरात तयारी करीत होती. खोवानोव्हा त्यांत होत्या. मॉस्कोतील एका गणिताच्या शाळेचे शिक्षक वालेरी सेंदेरोव त्यांच्याकडे आले आणि शवपेट्यांची एक यादी देऊन म्हणाले, यांची उत्तरे काढून द्या. पुढच्या उमेदवारांना कल्पना तरी येईल. एवढ्या मोठ्या देशातून निवडलेली ही मुले महिनाभर त्या गणितांशी झुंजली. निम्मीच सुटली. आणि परीक्षेच्या खोलीत एकेका गणिताला मिळत असे सुमारे वीस मिनिटांचा अवधी, समोर टपून बसलेल्या परीक्षकांच्या डोळ्यांदेखत. ऑलिंपियाडमध्ये ज्या प्रकारच्या गणिताला तासन् तास देतात, तेच गणित वीस मिनिटांत मागितले की ते विचारशक्ती मोजत नाही. ते फक्त एवढेच मोजते, की हे उत्तर याने आधी कुठे पाहिले होते काय! म्हणजे उतरंडीच्या शेंड्यावरचा प्रश्न परीक्षेच्या खोलीत येऊन पुन्हा तळाच्या पायरीवर, पाठांतरावर, कोसळतो.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. त्याच खोलीत अगदी तळाच्या पायरीचे प्रश्नही तितक्याच सफाईने वापरले जात. १९८४ साली कोलोम्ना गावचा सोळा वर्षांचा एडवर्ड फ्रेंकेल परीक्षेला बसला. आज तो नामवंत गणितज्ञ आहे आणि त्याने ही हकिकत आपल्या पुस्तकात लिहिली आहे. परीक्षकाने विचारले, वर्तुळ म्हणजे काय? मुलगा म्हणाला, प्रतलातील एका दिलेल्या बिंदूपासून समान अंतरावर असलेल्या बिंदूंचा संच. चूक, परीक्षक म्हणाला. 'सर्व' बिंदूंचा संच! एका शब्दावर उत्तर खोडले. तो शब्द तर्कदृष्ट्या महत्त्वाचा आहे हे खरे. पण शेजारच्या टेबलावर तेच उत्तर तसेच स्वीकारले जात असेल, तर तो शब्द गणिताचा उरत नाही. फ्रेंकेल तेल व वायू संस्थेत शिकला, आणि १९८९ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हार्वर्डने त्याला पाहुणा प्राध्यापक म्हणून बोलावले. व्याख्येने पाडता येते आणि शवपेटीनेही पाडता येते. तेव्हा प्रश्नाची पायरी पाहून परीक्षेचा न्याय कसा करणार?

बी.एड्.च्या पुस्तकात आणखी एक साधन दिलेले असते : प्रश्नविश्लेषण. किती जणांनी प्रश्न बरोबर सोडवला त्यावरून काठिण्यमूल्य काढायचे. एकूण गुणांत वरच्या गटातील किती जणांना तो सुटला आणि खालच्या गटातील किती जणांना सुटला, यांच्या फरकावरून भेदनमूल्य काढायचे. भेदनमूल्य जास्त तर प्रश्न चांगला. साधन उपयोगी आहे, पण त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. वरचा गट आणि खालचा गट कोण ठरवतो? त्याच परीक्षेचे एकूण गुण! आता संपूर्ण परीक्षाच एका समूहाला खाली ढकलत असेल, तर तिच्यातला प्रत्येक प्रश्न त्या समूहाला 'चांगला भेद करून' दाखवील, आणि भेदनमूल्य दिमाखाने वर जाईल. ज्याच्यावर आरोप त्यालाच साक्षीदार केल्यासारखे हे आहे. प्रमाण परीक्षेच्या बाहेरून आणावे लागते.

मॉस्कोत ते बाहेरून कुणी आणले? सेंदेरोव आणि बोरिस कानेव्स्की या दोघांनी. तोंडी परीक्षेला कागद नसतो, म्हणून पुरावा नसतो. हे दोघे परीक्षेच्या दिवशी दाराबाहेर उभे राहत आणि बाहेर येणाऱ्या मुलांना विचारत : तुला काय काय विचारले? मुलांच्या तोंडून गणिते उतरून घेत, अपील कसे करायचे ते सांगत, निकाल मांडून ठेवत. मॉस्कोतील गणितासाठी नावाजलेल्या काही शाळांच्या विद्यार्थ्यांची त्यांची १९७९ सालची नोंद अशी आहे. ज्यू नसलेले ४७ जण परीक्षेला बसले, त्यांत ऑलिंपियाडची बक्षिसे मिळवलेले १४. प्रवेश मिळाला ४० जणांना. ज्यू ४० जण बसले, त्यांत बक्षिसे मिळवलेले २६. प्रवेश मिळाला ६ जणांना. एकीकडे शेकडा ८५, दुसरीकडे शेकडा १५. शाळा त्याच, शिक्षक तेच, आणि परीक्षेबाहेरच्या स्पर्धेत दुसरा गट वरचढ. १९८० साली हे सारे त्यांनी गुप्तपणे हातोहात फिरणाऱ्या लेखात मांडले.

मला या दोन शिक्षकांचे काम मापनशास्त्राच्या दृष्टीनेही मोठे वाटते. परीक्षेतील प्रश्न एखाद्या समूहाविरुद्ध झुकलेला आहे काय, हे पाहण्यासाठी दोन्ही समूहांतील सारख्या कुवतीची माणसे शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची, ही पद्धत अमेरिकेत होलंड आणि थेअर यांनी १९८८ साली मँटेल व हेन्झेल यांच्या सूत्राच्या आधारे नीट बसवून दिली. आज मोठ्या परीक्षा-संस्था ती वापरतात. सेंदेरोव व कानेव्स्की यांच्यापाशी संगणक नव्हता, उत्तरपत्रिका नव्हत्या. एकेका प्रश्नाचा झुकाव त्यांना मोजता येणार नव्हता. त्यांनी अख्ख्या परीक्षेचा मोजला. कुवतीचे माप परीक्षेबाहेर शोधायचे, ही मूळ कल्पना मात्र तीच. त्यांनी ते ऑलिंपियाडमध्ये शोधले. याची किंमतही मोजली. १९८२ च्या उन्हाळ्यात दोघांनाही अटक झाली. सेंदेरोव यांना सात वर्षे श्रमछावणी आणि त्यापुढे पाच वर्षे हद्दपारी अशी शिक्षा झाली; १९८७ साली त्यांची सुटका झाली.

आपल्याकडचे वाचक आतापर्यंत मनात तुलना करू लागले असतील. ती करताना सैल राहून चालणार नाही. आपल्याकडे बहुसंख्य मुलांना वगळण्यासाठी शवपेट्यांची गरजच पडली नाही. ते काम शाळेच्या पायरीवरच होत आले. पण तोंडी परीक्षेची गोष्ट वेगळी. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि तीत विषयाऐवजी आईवडील कोण, राहता कुठे हेच विचारले जाते, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. अजय हसिया खटल्यात १९८० च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला एकूण गुणांच्या एक-तृतीयांश वजन देणे मनमानीचे ठरवले, शेकडा १५ च्या वर जाऊ नये असे सांगितले, आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात अशी सूचना केली. ज्या काळात कानेव्स्की दाराबाहेर उभे राहून मुलांच्या तोंडून प्रश्न उतरून घेत होते, त्याच काळातली ही सूचना आहे. २००७ साली सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारी नोंदल्या, त्यांतही तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांविषयीचे गाऱ्हाणे होते. आपल्या शालान्त परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव लिहीत नाहीत, बैठक क्रमांक लिहितात. ही साधी रीत ज्याने सुरू केली त्याला आडनावाचे वजन ठाऊक असणार. उच्च विचारकौशल्ये तपासायची म्हणून आता तोंडी, प्रकल्प, अंतर्गत मूल्यमापन यांचे गुण वाढवा असे म्हणतात, तेव्हा तो क्रमांक पुसला जातो आणि आडनाव पुन्हा टेबलावर येते. ते येऊ नये यासाठी काय तजवीज आहे, हे विचारल्याशिवाय त्या सुधारणेला माझा होकार नाही.

मात्र यातून कुणी असा अर्थ काढू नये की अवघड गणित म्हणजेच अन्याय, तेव्हा आमच्या मुलांना सोपेच द्या. तो दुसऱ्या प्रकारचा बहिष्कार झाला. या बाबतीत मॉस्कोतल्याच एका बाईंनी काय केले ते सांगितले पाहिजे.

बाईंचे नाव बेला सुब्बोतोव्स्काया. १९६१ साली त्यांनी तर्कसूत्रांच्या जटिलतेविषयी एक निबंध लिहिला. त्यातली कल्पना आजही संगणनाच्या सिद्धान्तात शिकवतात. मुलांना गणित शिकवणे हा त्यांच्या आवडीचा विषय होता. मेखमातने नाकारलेली मुले तांत्रिक संस्थांत जात, आणि तेथे त्यांना गणितज्ञ होण्याजोगे गणित मिळत नसे. १९७८ साली सुब्बोतोव्स्काया यांनी अशा मुलांना आपल्या छोट्याशा घरात बोलावले. पुढे घर पुरेना, तेव्हा जिथे रिकामा वर्ग मिळेल तिथे जमायचे. दिमित्री फुक्स, अलेक्सान्द्र शेन, आंद्रेई झेलेविन्स्की अशी माणसे शिकवायला येत, आणि मेखमातमध्ये जे शिकवले जाई त्याच पातळीचे शिकवत. अमेरिकेचे जॉन मिल्नर मॉस्कोत आले असता त्यांनीही एक व्याख्यान दिले. शिक्षकांना वेतन नाही, विद्यार्थ्यांना पदवी नाही, आत येण्यासाठी परीक्षा नाही. जागा शोधणे, सगळ्यांना फोन करणे, टिपणांच्या प्रती काढणे, मुलांसाठी सँडविच करून आणणे हे सारे बाई करीत. या वर्गांना पुढे 'ज्यूंचे लोकविद्यापीठ' असे नाव पडले, पण येणाऱ्याची पाचवी ओळ तेथे कुणी पाहत नसे. चार-पाच वर्षांत सुमारे साडेतीनशे जण तेथे शिकून गेले.

सेंदेरोव आणि कानेव्स्की यांच्या अटकेनंतर गुप्त पोलिसांनी बाईंना चौकशीसाठी बोलावले. २३ सप्टेंबर १९८२ च्या रात्री रस्त्याने जात असता एका वाहनाने त्यांना उडवले. वाहन थांबले नाही. वर्ग त्यानंतर थोडे दिवस चालले आणि बंद पडले. मेखमातच्या खोल्यांमध्ये शवपेट्या त्यापुढेही काही वर्षे विचारल्या जात होत्या.